चिमटे वाटीखाली लपवा, मग बेरीज विचारा

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पुरवणीत घरातल्या वस्तू वापरून लहान मुलांना बेरीज-वजाबाकी कशी शिकवायची यावर एक लेख आला होता. बटणं घ्या, बाटल्यांची झाकणं घ्या, मुलाला मोजू द्या, दोन मिळवा, तीन काढा, झाली बेरीज, झाली वजाबाकी. लेख चांगलाच होता, त्याबद्दल भांडण नाही, पण मला विचाराल तर तो अर्ध्या वाटेवर थांबलाय आणि उरलेली अर्धी वाट मी स्वतः ठेचा खात चाललोय म्हणून हे पत्र. लांबलंय खरं, कात्री लावायची तर लावा, फक्त वाटीचा भाग तेवढा कापू नका.

आधी माझी फजिती सांगतो. माझी सगळी नोकरी हिशेब खात्यात गेली. उभ्या ओळीतले आकडे वरून खाली नजर फिरवत मिळवायचे आणि पेन्सिलीने बेरीज खाली टाकायची, ही सवय अजून जात नाही. त्यामुळे नात साडेपाच वर्षांची झाली आणि शाळेतून वीस गणितांचा कागद घरी आला तेव्हा मी छाती पुढे काढून म्हटलं, हे खातं माझ्याकडे. पहिलंच गणित ५ + ३. तिने ५३ लिहिलं. मी म्हटलं अगं असं नाही, अधिक म्हणजे मिळवायचं. तर म्हणाली, "आबा, कुणाला मिळवायचं?" मला वाटलं चेष्टा करतेय. खाली ६ - २ होतं, तिथली आडवी रेघ तिने सरळ दोनपर्यंत ओढत नेली, 'जोड्या लावा'मधली रेघ वाटली असणार. मी आवाज चढवला, ती रडली, कागदावर पाणी पडलं, आणि आमच्या हिने येऊन कागद उचलून फ्रिजवर ठेवून दिला. "तुम्ही आपले ताळेबंद जुळवा, पोरीच्या वाटेला जाऊ नका."

राग आला होता, पण रात्री विचार केला तेव्हा पटलं की पोरगी बरोबर विचारत होती. कुणाला मिळवायचं? पाच काय, तीन काय? कागदावर तर नुसत्या वळणाच्या रेघा होत्या. आपल्याला ५ बघितला की पाचपणा दिसतो कारण पन्नास-साठ वर्षं तो डोळ्यांत मुरलाय, तिच्यासाठी ते एक चित्र होतं, आणि दोन चित्रं शेजारी ठेवली की ५३ होणार नाही तर काय होणार.

दोन दिवसांनी आमची ही दोरीवरचे कपडे काढत होती आणि नात खाली टोपली धरून उभी होती. एक चिमटा काढला की टोपलीत टाकायचा आणि मोठ्याने आकडा म्हणायचा असा दोघींचा खेळ चालला होता. एक, दोन, तीन... अकरा. मग ही म्हणाली, "किती झाले गं एकूण?" नातीने सगळी टोपली जमिनीवर उपडी केली आणि परत एकपासून मोजायला लागली. मी दारात उभा होतो, मला वाटलं आत्ताच तर अकरा म्हणाली, विसरली का? विसरली नव्हती. तिच्या लेखी अकरा हे शेवटच्या चिमट्याचं नाव होतं, सगळ्यांची मिळून संख्या ती नव्हती. जसं हजेरीत शेवटचं नाव घेतलं म्हणून वर्गाचं नाव ते होत नाही ना, तसं.

हे मी नंतर वाचलं की मोजण्यातच कितीतरी गोष्टी दडलेल्या असतात. रॉशेल गेलमन आणि गॅलिस्टेल या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली त्या नीट वेगळ्या करून मांडल्या. एका वस्तूला एकच आकडा, आकड्यांचा क्रम दर वेळी तोच, शेवटचा आकडा म्हणजे सगळ्यांची संख्या, मोजायला काहीही चालतं, चिमटे काय आणि टाळ्या काय, आणि सुरुवात कुठूनही केली तरी उत्तर तेच. आपल्याला ह्या पाच गोष्टी एकच वाटतात. पोरांना त्या एकेक करून सुटतात. ज्या मुलाला वीसपर्यंत घडाघडा म्हणता येतं त्याला मोजता येतंच असं नाही, ती नुसती उजळणी असते, आणि पाहुण्यांसमोर म्हणायला लावून आपण खूश.

मग मी पण चिमट्यांत उतरलो. सात चिमटे एका ओळीत चिकटून ठेवले, खाली दुसरे सात तसेच. "दोन्हीकडे सारखेच ना?" हो. मग तिच्या डोळ्यांदेखत खालची ओळ लांब पसरवली. "आता?" खाली जास्त आहेत म्हणाली, अगदी ठामपणे, मी मूर्ख असल्यासारखं माझ्याकडे बघत. जीन पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने अलीना शेमिन्स्काबरोबर १९४१ साली मुलांच्या संख्याज्ञानावर जे पुस्तक काढलं त्यातला हा प्रसिद्ध प्रयोग. पुढे बऱ्याच जणांनी दाखवलं की प्रश्न कसा विचारला, किती वस्तू घेतल्या ह्याने उत्तर बदलतं, मुलं पियाजेला वाटली तेवढी कच्ची नसतात. मान्य. पण आमच्या जमिनीवर तरी खालची ओळ जास्त होती, आणि लांब झाली म्हणून संख्या वाढली असं ज्या पोरीला वाटतंय तिला ५ + ३ चा कागद देणं म्हणजे पाया खणायच्या आधी गच्चीला रंग देणं. तिला मी काही समजावलं नाही, एवढी अक्कल तोवर आली होती. ओळी पसरवायच्या, परत गोळा करायच्या, मोजायच्या, गोल मांडायच्या, मोजायच्या, असं आठ-दहा दिवस चाललं आणि एक दिवस मी पसरवल्यावर तीच म्हणाली, "आबा, तुम्ही नुसते लांब केलेत." बस.

आता जिथे तुमचा लेख थांबतो तिथून पुढे.

समोर पाच चिमटे, शेजारी तीन, सगळे मिळून किती, आठ. हे तिला लगेच जमायला लागलं. मला वाटलं जिंकलो. फ्रिजवरचा कागद गुपचूप खाली काढला, ५ + ३ विचारलं, परत गाडी अडली. का अडली हे कळायला मला वेळ लागला. चिमटे समोर असताना ती बेरीज करतच नव्हती. ती मोजत होती. आठ वस्तू समोर पडल्यात, एकपासून आठपर्यंत मोजल्या, उत्तर आलं, त्यात पाच आणि तीन हे कुठे लागतंय? ढीग दोन असोत की एक, तिला काही फरक नव्हता. म्हणजे नुसत्या वस्तू हातात दिल्या की मुलं मोजणंच करत राहतात, वर्षभर करतील, आणि आपण म्हणणार बघा किती छान बेरीज येते.

उपाय हिने शोधला, आणि तोही सहज. स्टीलची एक वाटी घेतली. नातीला पाच चिमटे मोजू दिले आणि त्यांच्यावर वाटी उपडी घातली. झाकले. मग बाहेर, वाटीला लागून, दोन चिमटे ठेवले. "आता एकूण किती?"

पोरीचा चेहरा बघण्यासारखा होता. पहिल्यांदा वाटी उचलायला हात गेला, हिने वाटीवर हात ठेवला. मग तिने बाहेरचे दोन मोजले, "दोन". "अगं पण आतले?" थोडा वेळ गप्प. मग वाटीवर बोटाने टकटक करायला लागली, पाच वेळा, एक दोन तीन चार पाच, जणू स्टीलमधून तिला चिमटे दिसतायत, आणि मग बाहेरच्यांवर बोट, सहा, सात. "सात!" वाटी उचलली, मोजले, सात. मी आयुष्यात अनेक ताळेबंद जुळलेले बघितलेत पण असं समाधान कुणाच्या तोंडावर बघितलं नाही.

त्या टकटकीत सगळं आहे. जे दिसत नाही ते मनात धरून ठेवलं, म्हणजे पाच ही आता वस्तू राहिली नाही, संख्या झाली. पुढच्या आठवड्यात टकटक कमी होत गेली, एक दिवस वाटीवर नुसता तळहात ठेवून म्हणाली "पाच", आणि मग बाहेरच्यांवर "सहा, सात". म्हणजे एकपासून मोजायचं सोडून पाचपासून पुढे मोजायला लागली. हा जो टप्पा आहे ना, सगळे मोजण्यापासून पुढे मोजण्यापर्यंतचा, हा लहान वयातल्या बेरजेतला सगळ्यात मोठा जिना आहे आणि नुसत्या उघड्या चिमट्यांनी तो चढता येत नाही, कारण दिसत असलं की कोण कशाला लक्षात ठेवेल? त्याच्याही पुढची पायरी म्हणजे वाटीखाली दोन आणि बाहेर सहा असले तर सहापासून सुरू करून सात, आठ म्हणणं. ते तिला मी सांगितलं नाही, दोन-तीन आठवड्यांनी आपणहून आलं. कष्ट वाचवायची बुद्धी पोरांना उपजत असते.

मला वाटलं आमच्या हिने मोठा शोध लावला, पण हेच मार्टिन ह्यूज नावाच्या ब्रिटिश संशोधकाने केलं होतं, १९८६ च्या त्याच्या पुस्तकात आहे. शाळेत न गेलेली पोरं, एक डबा, त्यात ठोकळे. डब्यात दोन ठोकळे टाकायचे, झाकण लावायचं, अजून एक आत सरकवायचा, आता आत किती? बरीच पोरं बरोबर सांगायची. त्याच पोरांना नुसतं तोंडी विचारलं की दोन आणि एक किती, तर गप्प. आकडे तेच बरं का. फरक एवढाच की एका ठिकाणी काहीतरी घडत होतं आणि दुसरीकडे फक्त शब्द होते. आणि ह्याहून मजेशीर म्हणजे कॅरन विन या मानसशास्त्रज्ञ बाईंचा १९९२ सालचा प्रयोग, पाच महिन्यांच्या बाळांवर! बाळासमोर एक बाहुली, मग पडदा, मग दिसेल असं पडद्यामागे दुसरी बाहुली ठेवायची, आणि पडदा काढल्यावर कधी दोन तर कधी एकच बाहुली. एकच निघाली की बाळं जास्त वेळ टक लावून बघायची, काहीतरी चुकलंय म्हणून. आता पाच महिन्यांच्या पोराला बेरीज येते असं ह्यावरून म्हणायचं का यावर विद्वानांत वाद आहेत, त्यात मी पडत नाही, पण लपवाछपवी पोरांना आवडते आणि लपलेल्याचा हिशेब ती ठेवतात हे मात्र कुठल्याही आजीला विचारा.

वजाबाकीवर मला जरा जास्त बोलायचंय, कारण तिथे तुमच्या लेखाने आणि बहुतेक सगळ्यांनीच एकच बाजू धरलीये. आठातून तीन काढले, राहिले किती. आपला शब्दच बघा, वजा आणि बाकी, काढलं आणि उरलं. शब्दातच एक अर्थ इतका घट्ट बसलाय की दुसरे आठवतच नाहीत. पण घरात दिवसभरात वजाबाकी येते ती फार वेळा काढण्याची नसते. जेवायला सहा माणसं बसणार, ताटाशेजारी चार चमचे ठेवून झाले, अजून किती आणू? इथे काहीच काढलेलं नाही, उलट आणायचंय, आणि तरी ही ६ - ४ आहे. नातीला चमचे मांडायचं काम दिलं तेव्हा ती चमचे मोजत नव्हती, रिकाम्या जागा मोजत होती, आणि ड्रॉवरकडे जाताना तोंडाने "दोन, दोन, दोन" म्हणत, विसरू नये म्हणून. मोकळ्या जागा मोजणं हे किती वरचं काम आहे याचा विचार करा.

तिसरी वजाबाकी फरकाची. ही सगळ्यात अवघड. माझ्याकडे सात चिमटे, तिच्याकडे चार. "आबांकडे किती जास्त आहेत?" ती म्हणाली सात. परत विचारलं, परत सात. पोरं हेच उत्तर देतात, जास्त कुणाकडे आहेत ते बघतात आणि त्याच्याकडचे सांगतात. आणि पुढे मोठी झाली की गणितात 'जास्त' शब्द आला रे आला की बेरीज करून मोकळी. टॉम हडसन या संशोधकाने १९८३ साली ह्यावर फार सुंदर काम केलंय. चित्रात काही पक्षी, काही अळ्या. अळ्यांपेक्षा पक्षी किती जास्त, असं विचारलं तर लहान पोरांची उत्तरं धडाधड चुकायची. तेच चित्र ठेवून विचारलं, सगळे पक्षी पळत जाऊन एकेक अळी घेणार, किती पक्ष्यांना अळी मिळणार नाही? बहुतेकांनी बरोबर सांगितलं! गणित तेच, शब्द बदलला. मी पण तसंच केलं. म्हटलं, माझ्या प्रत्येक चिमट्याला तुझा एक जोडीदार दे. तिने समोरासमोर जोड्या लावल्या, माझे तीन एकटे राहिले. "हे तिघं बिचारे", म्हणाली. मग आमच्या घरात फरकाला 'बिचारे' असंच नाव पडलं. नऊ आणि पाचमध्ये बिचारे किती? चार. मोठेपणी फरक म्हणेल, घाई नाही.

वजाबाकीलाही वाटी लागतेच. आठ चिमटे झाकायचे, वाटीखाली हात घालून तिच्यासमोर तीन बाहेर काढायचे, आत किती राहिले? आणि मग उलटं, जे मला सगळ्यात आवडतं, तिला डोळे मिटायला लावून आठातले काही वाटीखाली ढकलायचे, बाहेर पाच दिसतायत, मग आत किती? ह्यात बेरीज आणि वजाबाकी एकाच नाण्याच्या दोन बाजू म्हणून हाताला लागतात. आठ म्हणजे पाच आणि तीन, सहा आणि दोन, सात आणि एक, हे पाठ करायचं काम नाही, खेळून खेळून ते होऊन जातं. विशेषतः दहाच्या जोड्या, कारण पुढचं सगळं दहावर उभं आहे, आणि दहासाठी तर वाटी पण नको, दोन हात आहेत. ह्यावरून आठवलं, बोटांवर मोजलं म्हणून पोरांना ओरडणारे पालक अजून आहेत. मी पण होतो. बोटं म्हणजे सतत बरोबर असणारे चिमटे, गरज संपली की आपोआप मिटतात, उगाच दाबून ठेवली तर टेबलाखाली चालू राहतात एवढंच.

इथे आपल्या भाषेबद्दल थोडं, कारण बाहेरच्या पुस्तकांत हे सापडणार नाही. एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस असं एकोणनव्वदपर्यंत आठ आकडे घ्या, प्रत्येकाच्या नावातच वजाबाकी बसलीये, विसाला एक उणा, तिसाला एक उणा. आणि नव्व्याण्णवला मात्र हा नियम सुटतो, का कोण जाणे. पोरांना एकोणतीस ऐकलं की तीस आठवतं आणि ती ३९ लिहून मोकळी होतात, आणि आपण त्यांना वेंधळं म्हणतो, अहो कानाला तीसच ऐकू येतंय! शिवाय आपण एकक आधी बोलतो, पंचवीस, त्यात पाच आधी, वीस नंतर, आणि लिहिताना उलटं. ५२ लिहिणारं पोर ऐकलेलं इमानदारीत उतरवतंय. आमच्याकडे मी काय केलं, दहा-दहा पेन्सिलींना रबरबँड लावून जुड्या केल्या. तीन जुड्या मांडायच्या, शेवटच्या जुडीतली एक पेन्सिल काढून घ्यायची, एकोणतीस. एकदा हाताने काढली की नाव चिकटतं.

ह्या जुड्यांनी अजून एक गोष्ट सोडवली. १३ - ५ ला मी जुन्या सवयीने म्हणालो, तीनातून पाच जात नाहीत, म्हणून शेजारच्या दशकाकडून उसने घ्यायचे. लगेच प्रश्न, "मग परत कधी द्यायचे?" अख्खी हयात उधारी-वसुलीत घालवलेल्या माणसाला ह्यावर उत्तर नव्हतं. आणि खरंच आहे की, आपण ते कधीच परत देत नाही, मग उसने कसले? काही उसनंबिसनं नाही, जुडीचा रबर काढायचा, दहा सुट्या होतात, आता तेरा सुट्या आहेत, घे पाच. पुढे-मागे कागदावर खूण करायची वेळ येईल तेव्हा तिला माहीत असेल की ती खूण म्हणजे रबर काढला. आणि हातचा म्हणजे रबर लावला.

आता वस्तूंचे तोटेही सांगायला हवेत, नाहीतर लोक उठून महागडी खेळणी आणतील. जितकी वस्तू देखणी तितकी मोजायला वाईट. नातीला मी एकदा तिचे छोटे प्राणी मोजायला दिले, हत्ती, जिराफ, दोन वाघ. तीन मिनिटांत वाघाने जिराफावर हल्ला केला, आणि बेरीज जी गेली ती गेली. शिवाय हत्ती आणि बारका ससा मिळून दोन, हे तिला पटेचना, हत्ती केवढा मोठा! चिमटे, बटणं, झाकणं अशी कंटाळवाणी, एकसारखी वस्तूच बरी, तिच्याकडे बघून दुसरं काही सुचत नाही. आणि रोज तीच वस्तू पण नको, नाहीतर बेरीज फक्त चिमट्यांचीच असते असं वाटायला लागतं. जिन्याच्या पायऱ्या, मोज्यांच्या जोड्या, टाळ्या, उड्या, सगळं आलटून-पालटून. पायऱ्यांचा एक घोळ सांगून ठेवतो, पोरं ज्या पायरीवर उभी आहेत तीच 'एक' मोजतात, म्हणून तिसरीवरून दोन वर गेलं की चौथी म्हणतात. आमच्याकडे नियम केलाय, उडी मोजायची, पायरी नाही.

सुरक्षिततेचं तुमच्या लेखात एकही वाक्य नव्हतं, ते मात्र मला खटकलं. तीन वर्षांखालचं पोर घरात असेल तर बटणं, मणी, छोटी झाकणं जमिनीवर नकोतच. खेळण्यांच्या तपासणीत लहान भागांसाठी एक नळकांडं वापरतात, त्याचा व्यास ३१.७ मिलिमीटर असतो, त्यात जी वस्तू पूर्ण मावते ती तीन वर्षांखालच्या पोराच्या घशात अडकू शकते असं धरतात. आणि चपटे गोल बटणसेल (घड्याळात घालतात त्या बारक्या बॅटऱ्या) किंवा छोटी लोहचुंबकं मोजायला म्हणून कुठल्याच वयात देऊ नका, पोटात गेली तर आतून इजा करतात आणि जीवावर बेततं.

चिन्हं कधी आणायची? माझं मत, उशिरा. आधी करायचं, मग केलेलं तोंडाने सांगायचं, मग केलेल्याचं चित्र काढायचं, पाच गोल, दोन गोल, आणि मग कधीतरी ५ + २. जेरोम ब्रूनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६६ साली हाच क्रम सांगितलाय, कृती, चित्र, चिन्ह. आणि चिन्ह आणलं की बरोबरच्या चिन्हाकडे लक्ष ठेवा. पोरांना वाटतं = म्हणजे 'आता उत्तर लिही'. मोठ्या वर्गातल्या पोरालाही ८ + ४ = _ + ५ विचारून बघा, बरेच जण रिकाम्या जागी १२ लिहितात, काही तर सगळं मिळवून १७. आम्ही दोन ताटल्या घेतो, डावीकडे जेवढे तेवढेच उजवीकडे असायला हवेत, मध्ये तिने स्वतः कागदाचे दोन पट्टे ठेवलेत. कधी ७ = ५ + २ असं उलटं पण मांडतो, म्हणजे उत्तर उजवीकडेच असतं ही खोड लागत नाही.

जाता जाता एक, माझ्यासारख्या हिशेबाच्या माणसाला फार आवडलेली गोष्ट. मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोममध्ये बालगृह सुरू केलं. त्यांच्या शिकवण्यात एक लाकडी पेटी असते, तिला शून्य ते नऊ असे कप्पे, आणि सोबत मोजून ४५ काड्या. प्रत्येक कप्प्यात तेवढ्या काड्या टाकायच्या. एक ते नऊ मिळून बरोब्बर ४५ होतात, त्यामुळे मोजण्यात चूक झाली की शेवटी काडी उरते नाहीतर कमी पडते, बाईंनी 'चुकलं' म्हणायची गरजच नाही. म्हणजे पेटीच ऑडिट करते! आणि शून्याचा कप्पा रिकामा ठेवायचा. मोजून काहीच ठेवायचं नाही.

ते वाचलं त्याच संध्याकाळी नात वाटी घेऊन आली, आता ती मला विचारते. बाहेर सहा चिमटे मांडले, वाटी आधीच उपडी घातलेली. "आबा, एकूण सहा आहेत. वाटीत किती?" मी जुना माणूस, मला वाटलं काहीतरी गंमत असणार, वाटीवर टकटक केलं, विचार केला, दोन म्हटलं. तिने वाटी उचलली. खाली काही नव्हतं. ती इतकी हसली की उचकी लागली.

फ्रिजवरचा तो कागद अजून तिथेच आहे. आणि दोरीवर चिमटे कमी पडतायत म्हणून आतून हाका येतायत, तेव्हा पत्र इथे थांबवतो.

आपला,
एक वाचक (आणि आजोबा)